रोवणीच्या दिवसांत लेकरू कोणाजवळ?

भंडारा जिल्हा म्हणजे तलावांचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव आणि शेतातल्या बोड्या यांच्या पाण्यावर आपला धान पिकत आला. पण पीक जगवणारे हेच पाणी घरच्या लहान लेकराचा घात करू शकते, हे रोवणीच्या घाईत आपण विसरतो.

पावसाने जोर धरला की बोड्या भरतात, काठ निसरडे होतात. मुरूम किंवा गाळ काढलेले खोल खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत घरच्या बाया रोवणीसाठी बांधीत उतरतात. लेकरू राहते आजीजवळ, नाहीतर आठ वर्षांच्या बहिणीजवळ. आजीला धावता येत नाही, बहिणीचे मन खेळात. १ ते ४ वर्षांच्या मुलांना बुडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. या वयात पाय चालू लागतात, पण भीती कळत नाही.

आणखी एक ध्यानात ठेवा. बुडणारे लेकरू बहुधा ओरडत नाही. त्याला बोडीच लागते असेही नाही. न्हाणीतली अर्धी बादली किंवा गुरांची नांदही पुरते.

मग करावे काय?

• रोवणीच्या दिवसांत चार घरांनी मिळून पाळी लावावी. रोज एका मोठ्या माणसाने घरी राहून चारही घरची लेकरे सांभाळावीत. त्याची मजुरी बाकीच्यांनी वाटून द्यावी. धानाच्या आणि तळ्यांच्या बांगलादेशात सकाळपासून दुपारी एकपर्यंत गावातच पाळणाघरे चालवली, तेव्हा लहान मुलांचे बुडणे पुष्कळ कमी झाले.

• विहिरीला कठडा आणि टाक्याला झाकण करावे. घराजवळच्या बोडीला काट्यांचे कुंपण घालावे. वापरून झालेली बादली पालथी ठेवावी.

• ६ वर्षांपुढच्या मुलांना जाणत्या माणसाने पोहणे शिकवावे. कोणी बुडताना दिसल्यास मुलांनी पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्यांना हाक मारावी. दोर, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे टाकावा.

एवढे करूनही प्रसंग आलाच, तर लेकराला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर त्याला सपाट जागी उताणे निजवा. हनुवटी उचलून तोंडाने ५ श्वास द्या. तरी हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध भराभर ३० वेळा दाबा, मग २ श्वास द्या. श्वास सुरू होईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत हेच करत राहा. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. लेकरू शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्याच.

मायबापहो, रोवणी एक दिवस मागे पडली तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. म्हणून उद्या बांधीकडे निघताना आधी एवढे विचारा: आज लेकरू कोणाजवळ?