मातीचे पोट, बैलाचा खांदा



उसाची तोड झाली की संध्याकाळच्या वेळी शिवारात जिकडे तिकडे धुराचे लोट दिसू लागतात. पाचट पेटवलेलं असतं. गेल्या हंगामात मी आमच्या शेजारच्या मळ्याच्या बांधावर उभा होतो. मळ्याचे मालक आबा काडी ओढण्याच्या बेतात होते. मी विचारलं, "आबा, काय जाळताय?"

"कचरा जाळतोय, दुसरं काय?"

"आणि पुढच्या महिन्यात ट्रॉलीभर शेणखत कुठून आणणार?"

आबा हसले, पण काडी त्यांनी ओढलीच. म्हणाले, "शेणखत पूर्वी घरचं होतं हो. आता दावणीला आहे काय? एक म्हैस. बैल विकून चार वर्षं झाली."

आबांच्या या एका उत्तरात आजच्या भाषणाचा सगळा विषय येतो. बैल गेले, म्हणून शेणखत गेले. शेणखत गेले, म्हणून जमीन कठीण झाली. आणि जे पाचट त्या जमिनीच्या पोटात जायचे, ते धुरात गेले. हे एकट्या आबांचेच आहे असे नाही. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातील गोवंशातल्या नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टर आला, तो काही परत जायचा नाही, आणि त्याला नावे ठेवण्यासाठी मी इथे आलेलो नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, बैल जे काम शेपटीमागून करीत होता, म्हणजे जमिनीचे पोट भरण्याचे, ते आता कोण करणार?

आधी माती म्हणजे काय ते पाहू. आपली काळी जमीन काळ्या खडकाचा भुगा होऊन तयार झाली, हे खरे. पण नुसता खडकाचा भुगा म्हणजे माती नव्हे. त्या भुग्याच्या कणांमध्ये कुजलेला पालापाचोळा असतो, मेलेल्या मुळ्या असतात, आणि त्यांवर जगणारे डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. हे जीव जो चिकट रस सोडतात, त्याने मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचे लहान लहान रवे बनतात. रव्यारव्यांमध्ये फटी राहतात. त्या फटींतून पाऊस खाली उतरतो, हवा खेळते आणि मुळी वाट काढते. कुजलेला अंश संपला की रवे फुटतात, फटी बुजतात. मग पाऊस पडला तरी पाणी वरच्यावर वाहून जाते, आणि जाताना वरची सुपीक माती घेऊन जाते.

या कुजलेल्या अंशाचे माप आरोग्य पत्रिकेवर "सेंद्रिय कर्ब" म्हणून लिहिलेले असते. सरकारने २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका देण्यास सुरुवात केली. ती पत्रिका पुष्कळांच्या घरी देवाच्या फोटोमागे खोचलेली असते. ती काढा आणि वाचा. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर कमी समजावा; पाऊण टक्क्याच्या वर असेल तर चांगला. आपल्याकडे ऊन कडक, त्यामुळे कुजण्याची क्रियाही जलद. म्हणून एकदा खत घातले आणि दहा वर्षे निवांत बसलो, असे आपल्या हवेत चालत नाही. मातीला दर वर्षी जेवू घालावे लागते.

"मग युरिया घालतोच की!" असे कुणी म्हणेल. युरिया ही पिकाची शिदोरी आहे, त्याने मातीचे पोट भरत नाही. माती तपासून, हिशेबाने घातलेले रासायनिक खत वाईट नाही. पण भुकेल्या जमिनीत ते नीट टिकत नाही. काही हवेत उडते, काही पाण्याबरोबर निघून जाते, आणि पैसा मात्र आपल्या खिशातून जातो.

आता एक जुनी हकिगत सांगतो. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे एक इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले, ते बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्थेत. आले होते इथल्या शेतीला शिकवायला. पण त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले की, आपण इथल्या शेतकऱ्यांकडूनच शिकलो. १९२४ पासून १९३१ पर्यंत ते इंदूरला होते. तिथे त्यांनी आपले सहकारी यशवंत वाड यांच्यासह शेतातला काडीकचरा कुजवून खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिच्यावर पुस्तक निघाले आणि "इंदूर पद्धत" हे नाव जगभर गेले.

या पद्धतीत नवे काय होते? शेण आणि कचरा तर आपले आजोबाही उकिरड्यावर टाकीत होते. नवे हे, की हॉवर्ड आणि वाड यांनी उकिरड्याची सुरुवात गोठ्यातून केली. काडीकचरा आधी जनावरांच्या पायाखाली अंथरायचा. तो तुडवला जातो, मऊ होतो, मूत शोषून घेतो. गोठ्याची जमीनही मातीची ठेवायची आणि मुताने मुरलेली ती माती काही महिन्यांनी उकरून खतात मिसळायची. हे का? तर जनावराच्या शरीरातून जे नत्र बाहेर पडते, त्यातले जवळजवळ निम्मे मुतात असते. आपण शेण गोळा करतो आणि मूत गटारात सोडून देतो, म्हणजे अर्धे खत दाराबाहेर वाहून जाते!

आणि मंडळी, यातली खरी गंमत पुढेच आहे. पायाखाली कोरडे पाचट अंथरले की खत सुधारते, तसे जनावरही सुधारते. ओल्या शेणात उभ्या राहिलेल्या जनावराचे खूर कुजतात, गाई-म्हशीची कास सुजते. कोरड्या अंथरुणावर ते निवांत बसते, आणि निवांत बसले म्हणजेच नीट रवंथ करते. जनावराचे सुख आणि जमिनीचे सुख एकाच वाटेने येते ते असे.

खड्डा कसा भरावा ते थोडक्यात सांगतो. जागा उंचवट्याची आणि सावलीची पाहावी. वीतभर थर गोठ्यातल्या अंथरुणाचा आणि काडीकचऱ्याचा, त्यावर शेणकाला, त्यावर पातळ थर मातीचा. असे थरावर थर द्यावेत. मूठभर माल दाबून पाहावा. हाताला ओल लागावी, पण पाणी टपकू नये. आठवड्याने लोखंडी पहार आत खुपसून काढली तर ती गरम लागली पाहिजे. लागली नाही, तर समजावे की ओल तरी कमी आहे किंवा शेण तरी. इंदूरला खत तीनदा खालीवर करीत आणि ते तीन महिन्यांत तयार होई. तयार खताला शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसाच्या मातीचा येतो. कच्चे खत मात्र शेतात टाकू नका. त्याबरोबर हुमणी येते.

आबांसारख्यांची अडचण वेगळी आहे. पाचट एकरी ३ ते ४ टन आणि दावणीला एकच म्हैस. त्यांनी पाचट जागेवरच कुजवावे. तोडीनंतर ते सरीत दाबून बसवावे, आणि दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्यावे. युरिया कशाला? तर पाचटात कर्ब पुष्कळ, नत्र फार थोडे. कुजवणाऱ्या जिवांना नत्र मिळाले नाही, तर ते जमिनीतले उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. पाचट झाकलेल्या जमिनीत ओल टिकते, तणही कमी उगवते. जाळले तर नत्र हवेत जाते आणि वरच्या थरातले जीव भाजून मरतात.

आता बैलाकडे वळतो, कारण अजूनही कित्येक घरी बैलजोडी आहे. डांगी असो, माणदेशचा खिलार असो, नाहीतर मराठवाड्यातला देवणी किंवा लाल कंधारी असो. पोळ्याच्या नाहीतर बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो. हळद आणि तूप किंवा तेल लावून बैलाचा खांदा चोळतो. चांगली रीत आहे. पण खांदा वर्षभर ओढतो आणि आपण त्याकडे एकच दिवस पाहतो.

माझ्या लहानपणी आमच्याकडे सोन्या नावाचा बैल होता. एका पावसाळ्यात त्याच्या खांद्याला सूज आली. आईने वडिलांना सांगितलं, "अहो, आज नका जुंपू त्याला." पण वाफसा निघून चालला होता. वडील म्हणाले, "एवढी पेरणी होऊ दे." पेरणी झाली. खांदा मात्र चिघळला, आणि सोन्या पुढे दोन महिने जागचा हलला नाही. कोळपणी आम्ही दुसऱ्याच्या बैलांवर केली, तीही उशिरा. तणाने निम्मं पीक खाल्लं. वडील नंतर बरीच वर्षे म्हणायचे, "मी एक दिवस वाचवला आणि हंगाम घालवला."

म्हणून जुवाचा लाकूडभाग गुळगुळीत आहे ना, हे रोज हात फिरवून पाहा. जोडी सारख्या उंचीची ठेवा, नाहीतर सगळा भार एकाच खांद्यावर येतो. सूज दिसली की जू उतरवा आणि पशुवैद्यांना दाखवा. कायदाही हेच सांगतो. १९६५ च्या नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. आणि टोचणारी आर लावलेली पुराणी तर वापरायचीच नाही.

हॉवर्डसाहेबांनी लिहिले आहे की, त्यांचे चांगले पोसलेले बैल आजारी जनावरांच्या शेजारी राहूनही लाळ्या-खुरकुताला बळी पडले नाहीत. सकस चारा हवाच. पण त्यावर विसंबून लस चुकवू नका. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस मोफत टोचली जाते.

गुरुजी, तुमच्यासाठी एक काम. एक ढेकूळ शेतातले आणि एक त्याच शिवारातल्या न नांगरलेल्या, गवताळ बांधाचे आणा. दोन्ही सावलीत चांगली वाळवा आणि पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या बरण्यांत, जाळीवर ठेवून अलगद सोडा. कोणते लवकर विरघळते आणि कोणते धरून राहते, ते मुलांना पाहू द्या. ज्या मातीला पोटभर मिळाले आहे, ती पाण्यातही आपले रवे सोडत नाही. मुले घरी जाऊन हे सांगतील, आणि बाप माझं ऐकणार नाही, पण पोराचं ऐकेल.

आबांचं काय झालं, असं विचाराल. परवा ते आपणहून आले. म्हणाले, "यंदा चार सऱ्यांतलं पाचट नाही जाळलं. बघू काय होतंय." मीही म्हटलं, बघू. शेतकऱ्याने चार सऱ्या सोडल्या, म्हणजे त्याने आपल्या बोलण्याला चार सऱ्यांचा विश्वास दिला. त्यापेक्षा जास्त मागण्याचा हक्क मातीला आहे, मला नाही.

तुम्हीही यंदा एवढंच करा. आज संध्याकाळी जनावर बांधण्यापूर्वी त्याच्या पायाखाली एक भारा कोरडे पाचट टाका. सकाळी ते उचलून खड्ड्यात घाला. बाकीचं हळूहळू जमेल.