इंजिन बदलले, पण एसीच्या पाइपांचे काय?

ज्यांची गाडी ऊस वाहतुकीच्या करारात आहे त्यांना फेब्रुवारीत इंजिन बसणे म्हणजे काय हे सांगायला नको. टोळी फडात बसून, तोडलेला ऊस वाळत पडलेला आणि दिलेली उचल अंगावर. आमच्या दहाटायरी गाडीचा क्रँक असाच ऐन हंगामात अर्धापूर-नांदेड रस्त्यावर गेला. दुरुस्तीपेक्षा अपघातात मोडलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचे इंजिन परवडेल असा हिशोब निघाला. त्या गाडीला एसी होता, आमच्या गाडीला नव्हता. इंजिनाबरोबर कॉम्प्रेसर, त्याची ब्रॅकेट, पुढची जाळी, केबिनमधली कॉइल असे सगळेच सामान पदरात पडले.

ड्रायव्हर म्हणला, "मालक, आलंच आहे तर बसवून टाका. हंगाम झाला की केळी घेऊन वर जावं लागतंय. मे महिन्यात केबिनमध्ये माणूस भाजायलाय."

मी म्हणलं, "अरे, ट्रकला एसी म्हणजे बैलाला छत्री."

तो गप्प बसला. पण आदल्या उन्हाळ्यात भर दुपारी डुलकी लागून गाडी रस्त्याखाली उतरली होती, ते दोघांच्याही डोक्यात होते. माणूस वाचला, हे नशीब. तेव्हा एसी बसवायचे ठरले.

आता सरकारनेही तेच धरले आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांच्या वरच्या मालगाड्यांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. जुन्या गाडीवर सक्ती नाही. मात्र जुन्या गाडीत एसीवाले इंजिन चढवताना पाइपांचा प्रश्न येतो, आणि आमचा पैसा तिथेच बुडाला.

आधी हा कारभार चालतो कसा ते पाहू. इंजिनाच्या पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरतो आणि गॅस दाबून गरम करतो. तो गरम गॅस रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, थंड होऊन पातळ होतो. तिथून ड्रायरमधून बारीक पाइपाने केबिनकडे जातो, व्हॉल्व्हमधून एकदम फैलावतो आणि कॉइल गार करतो. परतीचा पाइप सगळ्यात जाड, हाताला गार लागणारा. थोडक्यात तीन लाइनी: गरम, पातळ आणि परतीची.

गोम अशी, की इंजिन फाउंडेशनच्या रबरावर हलते, चेसी वेगळी हलते, आणि केबिन तर पुढे उलथी होते. म्हणून इंजिनाजवळचा तुकडा लवचीक होजचाच पाहिजे, आणि केबिनच्या बिजागरीपाशी ढील ठेवली पाहिजे. आमच्या पहिल्या मिस्त्रीने (नाव कशाला घ्या) जुन्या गाडीचे होज ओढूनताणून लावले आणि तारेने बांधले, तेही सायलेन्सरच्या शेजारून. दोन दिवस केबिन गार झाली. तिसऱ्या दिवशी ऑइल बघायला केबिन उलथली आणि जोडातून फुस्सकन गॅस गेला. दुसऱ्यांदा भरला, तर सायलेन्सरकडचा होज भाजून चिरला.

तिसऱ्या खेपेला जाणत्या माणसाकडे गेलो. त्याने केबिन पूर्ण उलथून, मग सरळ करून, दोन्ही वेळा दोरीने माप घेतले आणि मगच होज कापले. टोके मशीनवर दाबून घेतली. पाण्याच्या पाइपाची स्क्रूची क्लिप या दाबाला टिकत नाही. जोडातल्या सगळ्या रबरी रिंगा नव्या घातल्या, त्याही आर-१३४ए गॅसला चालणाऱ्या, तेल लावून. लाइन सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब नेली, रबर लावलेल्या क्लिपांनी चेसीला धरली, पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच बसवले.

इंजिन उतरवायच्या आधी गॅस हवेत सोडू नये, मशीनने काढून घ्यावा. वजनाला वजन धरले तर हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता वातावरणात धरून ठेवतो. उघडी टोके लगेच टोपणांनी बंद करावीत, कारण यातले तेल हवेतली ओल पिते. ड्रायर दरवेळी नवाच घालावा. आमच्याकडचा आठ दिवस उघडा पडला होता, तो फेकूनच दिला. मग अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारायचा, मशीन बंद करून काटा हलतो का ते बघायचे आणि गॅस वजनावर भरायचा, अंदाजाने नाही. दाबाच्या स्विचची वायर कोणी 'डायरेक्ट' करतो म्हणला तर हात धरा. दाब वाढला की कॉम्प्रेसर बंद करणारा तोच राखणदार आहे.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मोटारींना कारखान्यातच एसी दिला, पण त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी नको असला की इंजिन बंद करून पट्टाच उतरवून ठेवायचा. त्या मानाने आपला ड्रायव्हर बटण दाबून मोकळा होतो.

कागदाचे मात्र आधी बघा. इंजिन नंबर आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलाची तरतूद आहे, म्हणून इंजिन उचलण्याआधीच आरटीओत विचारावे. जुन्या इंजिनाची खरेदी पावती नंबरासकट घ्यावी. चोरीच्या गाडीचे इंजिन निघाले तर हंगाम राहील बाजूला. विमा कंपनीलाही कळवावे.

आणखी एक, फडात जाणाऱ्या गाडीपुरते. पाचटाचा भुसा आणि धूळ पुढच्या जाळीत बसते. जाळी कोंदली की एसी गार होत नाही, मागचा रेडिएटरही तापतो. बिगर-एसी गाडीचा रेडिएटर या जादा उष्णतेला पुरतो का, तेही मिस्त्रीकडून बघून घ्यावे. आम्ही आठवड्याला आतल्या बाजूने हलक्या हवेने जाळी फुंकतो. जोराचे पाणी मारले तर पात्या वाकतात. आमच्या एका कोपऱ्यातल्या वाकल्या आहेत, त्या मीच वाकवल्या.