तू कुठे खेळतोस?

काळेवाडीत आमच्या इमारतीमागे थोडी मोकळी जागा आहे. संध्याकाळी तेथे फक्कीच्या रेषा आखून मुले कबड्डी खेळतात. त्यांत नववीतला एक मुलगा आहे. तो चढाई चांगली करतो, कोपऱ्यात उभा राहून घोटाही पकडतो आणि वेळ आली तर कव्हरलाही खेळतो. कोणी आला नाही, की त्याची जागा याला मिळते.

गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला. निवड चाचणी जवळ आली होती. म्हणाला, "काका, तिथे पहिलाच प्रश्न असतो, तू कुठे खेळतोस? 'सगळीकडे' म्हटलं की हसतात. मी काय सांगू?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळीकडे चालणारा मुलगा रिकाम्या जागा भरत राहतो आणि कोणत्याच एका जागेचा त्याचा सराव पुरा होत नाही. वर्षे मात्र निघून जातात. मग त्याची योग्य जागा कशी ठरवायची? आपण हा प्रश्न भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या मदतीने सोडवून पाहू या.

जागा काय मागते?

प्रथम कोपरा पाहू. बोनस गुण मिळवण्यासाठी चढाईपटू एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो, त्या वेळी त्याचा दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे शरीराचा सगळा भार एका तळव्यावर येतो. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा त्या तळव्याच्या बाहेर गेली, की तोल गेलाच. अशा क्षणी घोट्याला दिलेला बेताचा हिसकाही पुरतो. म्हणून कोपऱ्यातल्या खेळाडूला वजनापेक्षा वेळ साधण्याची अधिक गरज असते.

कव्हरची गोष्ट वेगळी आहे. समजा, ५० किलोग्रॅमचा चढाईपटू सेकंदाला ४ मीटर वेगाने मध्यरेषेकडे परततो आहे. त्याचा संवेग ५० × ४ = २०० झाला. त्याला ५० किलोग्रॅमच्याच एका स्थिर कव्हरने मिठी मारली, तर दोघे मिळून सेकंदाला २ मीटर वेगाने मध्यरेषेकडेच सरकतील. हात धरून साखळी केलेले असे दोघे आडवे आले, तर वेग सुमारे १.३ मीटरवर येईल. उरलेले काम तळपाय आणि जमीन यांच्यातील घर्षण करते. येथे वजन, भक्कम पाय आणि जोडीदाराशी जुळवणी यांना महत्त्व आहे.

आता चढाई. निदान रेषेपासून मध्यरेषा ३.७५ मीटर दूर असते. वरच्या वेगाने परतायला एक सेकंदही लागत नाही. पकडणाऱ्याला हालचाल सुरू करायला ०.२ सेकंद लागले, तर तेवढ्यात चढाईपटू ०.८ मीटर पुढे निसटलेला असतो. त्यामुळे चढाईत झटकन दिशा बदलणे, दम आणि धाडस हवे.

मोजायचे कसे?

प्रतिक्रियाकाल मोजायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. मित्राने पट्टी उभी धरावी. तुमचा अंगठा आणि बोट तिच्या शून्यापाशी, पण पट्टीला न टेकता ठेवा. न सांगता त्याने पट्टी सोडली, की पकडा. पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडलीत तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.१७ सेकंद, २० वर पकडलीत तर ०.२० आणि २५ वर पकडलीत तर ०.२३ सेकंद. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूचे सूत्र वापरून हे आकडे स्वतः पडताळून पाहा. दहा वेळा प्रयोग करून सरासरी घ्या.

पण एवढ्याने भागत नाही. चढाईपटूचा पाय कधी येणार हे ओळखणे पट्टी पकडून कळत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष खेळाचीच नोंद हवी. मी त्या मुलाला एक वही करायला सांगितली. प्रत्येक चढाई आणि प्रत्येक पकड, यशस्वी की अयशस्वी, एवढेच लिहायचे.

येथे एक सावधगिरी. नाणे दहा वेळा उडवले, तर बरोबर पाच वेळा छापा येण्याची संभाव्यता जेमतेम पाव आहे. बाकी वेळा चार, सहा, तीन, सात असे काहीही येते. तसेच दहा प्रयत्नांत सहा की सात, हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. सहा आणि दोन हा फरक मात्र सहसा तसा नसतो. शंभर नोंदी झाल्या, की चित्र बरेच स्पष्ट होते. एका सामन्यावरून कोणाची जागा ठरवू नये, ती याचसाठी.

कोष्टक काय सांगते?

समजा, संघात तीन जागा भरायच्या आहेत आणि तीन मुले आहेत. 'अ' हा आपला अष्टपैलू मुलगा. दर दहा प्रयत्नांत सरासरी किती यशस्वी, ते असे:

अ – चढाई ७, कोपरा ६, कव्हर ६
ब – चढाई ६, कोपरा २, कव्हर ३
क – चढाई ४, कोपरा २, कव्हर ५

'अ'ला कुठे ठेवाल? "चढाईला, तिथे तो सर्वांत चांगला आहे," असे बहुतेक जण म्हणतील. तसे करून पाहू. अ चढाईला, ब कोपऱ्यात, क कव्हरला. बेरीज ७ + २ + ५ = १४. आता अ कोपऱ्यात, ब चढाईला, क कव्हरला. बेरीज ६ + ६ + ५ = १७! एकूण सहा रचना शक्य आहेत. उरलेल्या चारही तपासा, १७ च्या वर एकही जात नाही.

असे का झाले? 'अ'ला चढाईवरून हलवल्याने फक्त एकाचे नुकसान होते, कारण 'ब' ते काम जवळजवळ तितकेच चांगले करतो. कोपऱ्यात मात्र 'अ' नसला, तर सहाचे दोन होतात. म्हणून "तो कशात सर्वांत चांगला आहे?" एवढेच न विचारता "त्याच्यावाचून कोणत्या जागेचे सर्वांत जास्त अडते?" हेही विचारायला हवे.

याचे उत्तम उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. २००३ च्या विश्वचषकात राहुल द्रविडने यष्टिरक्षण केले. संघात पार्थिव पटेल हा नेहमीचा यष्टिरक्षक होता. पण द्रविडने ती जागा सांभाळल्यामुळे आणखी एक फलंदाज खेळवता आला. भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

तीन मुलांच्या रचना सहा, पण सात जणांच्या सात जागांसाठी ५०४० होतात. सगळ्या तपासत बसायला नको, म्हणून हॅरॉल्ड कून या अमेरिकन गणितज्ञाने १९५५ साली एक सोपी रीत प्रसिद्ध केली. कोनिग आणि एगरव्हारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती आधारलेली असल्याने तिला 'हंगेरियन पद्धत' म्हणतात. भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात लेथवर कोण, मिलिंगवर कोण, ग्राइंडिंगवर कोण, हे प्रत्येक पाळीला ठरवणारा सुपरवायझर हाच प्रश्न सोडवत असतो. तुमच्यापैकी काहींचे वडीलच ते काम करत असतील. त्यांना जरूर विचारा.

पण मुलाचे काय?

संघाचे भले झाले, पण त्या मुलाचे काय, असे तुम्ही विचाराल. रास्त आहे. निवड चाचणीतही हाच हिशेब लागू पडतो. दहात सात चढाया साधणारी मुले तेथे पुष्कळ असली आणि दहात सहा घोटे पकडणारी थोडीच असली, तर कोपरा सांगण्यातच त्याचा फायदा आहे.

मात्र जागा कायमची नसते. वस्तूचे वस्तुमान तिचे स्वतःचे असते, पण वजन ती कुठे आहे यावर अवलंबून असते. चंद्रावर तेच वजन सहावा हिस्सा भरते. कौशल्य वस्तुमानासारखे आहे आणि जागा वजनासारखी. सोबतचे खेळाडू बदलले, की जागाही बदलू शकते. शिवाय तेरा ते सोळा या वयात मुलगे झपाट्याने वाढतात, भराच्या वर्षी उंची आठ-नऊ सेंटिमीटरही वाढते. आज लहानखुरा म्हणून कोपऱ्यात उभा केलेला मुलगा दोन वर्षांनी भक्कम कव्हर होऊ शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी कोष्टक नव्याने मांडावे. मुख्य सराव एका जागेचा करावा, पण दुसरी जागा विसरू नये.

सचिन तेंडुलकरला आधी वेगवान गोलंदाज व्हायचे होते. डेनिस लिलीने त्याला फलंदाजीकडे लक्ष द्यायला सांगितले. पुढे एकदिवसीय सामन्यांत तो मधल्या फळीत खेळत असे. २७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला नवज्योत सिद्धूची मान आखडली आणि सचिनने सलामीला जाण्याची संधी मागून घेतली. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. एका डावावरून काही सिद्ध होत नाही, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याला तेथेच ठेवून पुढे भरपूर डाव खेळू दिले, म्हणून जागा सिद्ध झाली. त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ४५ सलामीला आली. त्या दिवसापूर्वी एकही नव्हते.

आमच्या त्या मुलाच्या वहीत आतापर्यंत ६४ नोंदी झाल्या आहेत. चाचणीला त्याने "कोपरा, आणि चढाईसुद्धा" असे सांगितले आणि विचारल्यावर आकडे दाखवले. या वेळी कोणी हसले नाही. निकाल अजून लागायचा आहे.

जाता जाता तुमच्यासाठी एक उदाहरण. पुढच्या वर्षी 'ब' वयोगटातून बाहेर गेला आणि 'ड' आला. ड – चढाई ३, कोपरा ६, कव्हर ३. आता 'अ'ने कुठे खेळावे? सहाही रचना मांडून पाहा. सर्वांत मोठी बेरीज १८ आली, तर तुमचे उत्तर बरोबर आहे.