माशाच्या पोटातली साक्ष

मिरकरवाडा बंदरावर वाकटी घेत होते. कोळणीने पोट फाडले तेव्हा आतड्याभोवती घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या सात-आठ पांढऱ्या अळ्या दिसल्या. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने तोंड फिरवले. कोळीण मात्र शांत होती. "मॅडम, माशाचाच किडा तो. काढून टाका नि घाला कालवणात."

सल्ला बरोबरच होता. उकळत्या कालवणात या अळीचा निभाव लागत नाही. त्रास होतो तो मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाणाऱ्यांना. नेदरलँड्समध्ये हेरिंग मासे तसे खाणाऱ्या रुग्णांमुळेच हा आजार १९६०च्या सुमारास वैद्यकाच्या नीट लक्षात आला. मी मासा घेतला आणि अळ्याही कागदात बांधून घेतल्या. कोळणीला त्याचे नवल वाटले नाही. तीसेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवताना माझा बराच वेळ माशांच्या पोटातले कृमी मोजण्यात गेला आहे आणि बंदरावर ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वाकटीच्या पोटातली अळी तिथे जन्मलेली नसते. ॲनिसाकिस गटातल्या या गोलकृमीचे प्रौढ आयुष्य देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या जठरात जाते. त्याची अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. अंड्यातून निघालेली अळी क्रिलसारखे लहान कवचधारी प्राणी गिळतात, त्यांना मासा किंवा माकूळ खातो, लहान माशाला मोठा मासा खातो आणि कधीतरी देवमासा त्या सगळ्यांना. तोवर अळी माशाच्या शरीरात वेटोळे घालून वाट पाहते, प्रसंगी वर्षानुवर्षे. म्हणजे माशात ही अळी सापडली, तर त्या मत्स्यजीवनाच्या वाटेवर क्रिलसारखे प्राणी आहेत, ते खाणारे आहेत आणि देवमासा किंवा डॉल्फिनही येऊन जातो, एवढे तरी नक्की. माशाने काल खाल्लेले अन्न उद्यापर्यंत पचून जाते. परजीवी मात्र तो मासा गेली कित्येक वर्षे कोणाच्या पंगतीला बसत होता ते सांगतो.

ही साक्ष सर्वात मोलाची ठरते ती खोल समुद्रात, कारण तिथे दुसरा साक्षीदार मिळणे कठीण. साधारण २०० मीटरच्या खाली उजेड क्षीण होतो आणि १,००० मीटरनंतर पूर्ण काळोख असतो. महासागराची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास आहे. तिथे कोण कोणाला खातो हे बसून पाहता येत नाही. मासा वर आणून पोट तपासावे, तर तेही धड हाती लागत नाही. जाळे वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, माशाच्या वाताशयातला वायू फुगतो आणि जठर उलटे होऊन तोंडावाटे बाहेर येते. खाल्लेले सगळे वाटेतच सांडते. आतड्याला घट्ट धरून बसलेला कृमी किंवा मांसात रुतलेली अळी मात्र बहुधा जागेवर असते.

अमेरिकन परजीवीशास्त्रज्ञ एल्मर नोबल यांनी १९७३ साली खोल समुद्रातले मासे आणि त्यांचे परजीवी यांचा आढावा घेतला. त्यातून आणि नंतरच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. ना पृष्ठभागाशी ना तळाशी, अशा मधल्या पाण्यात तरंगत राहणाऱ्या माशांत परजीवींचे प्रकार थोडे असतात. अंगावर प्रकाशाचे ठिपके बाळगणारे लँटर्न फिश हे त्यांतले नेहमीचे उदाहरण. याउलट तळालगत वावरणारे मासे कृमींनी भरलेले असतात. लांब निमुळत्या शेपटीचे ग्रेनेडियर हे त्यांचे ठळक नमुने.

हे असे का, याचे उत्तर शिंपल्या-गोगलगायींकडे आहे. पर्णकृमींच्या आयुष्याचा पहिला टप्पा जवळजवळ नेहमीच मृदुकाय प्राण्यात जातो आणि हे प्राणी बहुतांशी तळावर राहतात. तळच नाही तिथे पहिला यजमान नाही, आणि पहिला यजमान नसला की पुढचा सगळा संसार अडतो. खोल समुद्रात अन्न तुटपुंजे असते. वरून जे झिरपते ते अखेर तळावर साचते, म्हणून तिथेच प्राण्यांची त्यातल्या त्यात दाटी होते. ज्या अळीला तीन यजमान गाठायचे आहेत तिला अशी दाटीच हवी. मधल्या विरळ पाण्यात पुढचा यजमान भेटण्याआधीच ती मरते. १९८० साली रोनाल्ड कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापलीकडच्या खोल पाण्यातले तळाचे मासे तपासून लिहिलेल्या लेखाचा रोखही हाच होता. माशात कोणते कृमी आणि किती, हे त्याच्या आहारावर आणि भोवतालच्या तळजीवनावर अवलंबून असते.

त्याच्याही आधीचे एक निरीक्षण मला फार आवडते. हॅरॉल्ड मँटर यांनी फ्लोरिडाजवळच्या टॉर्टुगास बेटांपाशी खोल पाण्यातल्या माशांचे पर्णकृमी गोळा केले आणि १९३४ साली त्यावर लिहिले. बेटांभोवतीचे उथळ पाणी उष्ण कटिबंधातले, प्रवाळांचे. पण खालच्या थंड पाण्यातले कृमी त्या उथळ पाण्यातल्या कृमींपेक्षा दूर उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या कृमींशी जास्त जुळणारे निघाले. वरून पाहणाऱ्याला तो एकच समुद्र दिसतो. कृमींच्या हिशेबात तिथे दोन वेगळे प्रदेश एकावर एक रचलेले आहेत.

हे ज्ञान निव्वळ कुतूहलाचे नाही, हे ऑरेंज रफीच्या कथेवरून कळते. नारिंगी रंगाचा हा मासा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या भोवती साधारण ७०० ते १,५०० मीटर खोलीवर, समुद्रातल्या डोंगरमाथ्यांपाशी थव्याने जमतो. इंग्रजीत याच्या कुळाला जे जुने नाव आहे त्याचा अर्थ 'शेंबडे डोके' असा होतो. त्या नावाने कोण विकत घेणार? बाजारासाठी नाव बदलले, १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये त्याची मासेमारी सुरू झाली आणि पाहता पाहता जहाजे त्याच्यावर तुटून पडली. तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते की हा मासा दीडशे वर्षांहून अधिक जगू शकतो आणि प्रजननक्षम व्हायलाच त्याला दोन-तीन दशके लागतात.

किती पकडायचे हे ठरवण्याआधी एक प्रश्न सुटायला हवा होता. हे सगळे मासे एकाच मोठ्या समूहातले की वेगवेगळ्या ठिकाणचे वेगवेगळे? एकच समूह असेल तर एका डोंगरावरचे मासे उपसले तरी दुसरीकडून भर पडेल. वेगळे असतील तर तिथला साठा संपला म्हणजे संपला. उथळ समुद्रात माशाला खूण बांधून सोडतात आणि तो पुन्हा कुठे सापडतो ते पाहतात. इतक्या खोलीवरून वर काढलेला मासा पुन्हा सोडण्याजोगा राहतच नाही. १९८८ साली रॉबर्ट लेस्टर आणि सहकाऱ्यांनी खुणेऐवजी परजीवी वापरले. माशाच्या शरीरात वर्षानुवर्षे टिकणाऱ्या अळ्या त्यांनी ठिकठिकाणच्या माशांत मोजल्या. मासे सतत इकडून तिकडे जात असते, तर सगळीकडे अळ्यांचे प्रमाण सारखेच आले असते. तसे आले नाही. प्रदेशागणिक अळ्यांचा मेळ वेगळा होता, म्हणजे मासे फारसे हलत नव्हते.

उत्तर हाती होते, पण जाळी थांबली नाहीत. दुसऱ्याच वर्षी टास्मानियाच्या पूर्वेला सेंट हेलेन्स नावाच्या समुद्री डोंगरावर अंडी घालायला जमलेला प्रचंड थवा सापडला आणि तिथे झुंबड उडाली. २००६ साली ऑस्ट्रेलियाला हा मासा संरक्षणाच्या यादीत घालावा लागला. शंभरी ओलांडलेले मासे मग थाळीत येत होते, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या आतली शंभर वर्षांची नोंदही.

आता थोडे विषयांतर. खोल पाण्यातल्या कायमेरा माशाच्या आतड्यात जायरोकोटिली नावाचा झालरवाला कृमी असतो आणि तो बहुधा जोडीने सापडतो, एका माशात दोनच. लहान वयाच्या माशात कधी जास्त असतात, मग उरतात दोन. बाकीचे कुठे जातात, हा कृमी माशात पोचतो तरी कोणत्या वाटेने, हे कोडे शतकभराहून जुने आहे. विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगत असे, कारण सगळे काही शोधून झाले आहे असा त्यांचा समज असतो.

परजीवी वाढले म्हणजे समुद्र आजारी, असे आपल्याला सहज वाटते. मला ते अर्धवट वाटते. २०२० साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरचे जुने-नवे अभ्यास एकत्र करून दाखवले की १९७८ ते २०१५ या काळात ॲनिसाकिसचे प्रमाण २८३ पटींनी वाढले. कारणे अनेक असू शकतात. त्यांनी सुचवलेले एक कारण म्हणजे शिकारीवरच्या बंधनांनंतर देवमाशांची संख्या सावरली, हे. तसे असेल तर माशातली अळी ही चांगली बातमी आहे. २०२३ साली त्याच विद्यापीठाच्या चेल्सी वुड आणि सहकाऱ्यांचा दुसरा अभ्यास आला, तो उलट दिशेचा. प्युजेट साउंड या खाडीतले १८८० ते २०१९ या काळातले, संग्रहालयात बरण्यांत जपलेले मासे त्यांनी उघडले. माशाबरोबर त्याचे कृमीही टिकून होते. ज्यांना तीन किंवा अधिक यजमान लागतात, असे परजीवी दर दशकाला सुमारे ११ टक्क्यांनी घटले होते आणि घट पाण्याच्या वाढत्या तापमानाशी जुळत होती. ही खाडी खोल समुद्र नव्हे, पण लांब साखळीवर जगणारे आधी जातात हा तिचा निष्कर्ष खोल समुद्राबद्दल काळजी वाढवणारा आहे.

तो लेख वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. मी शिकवत होते तिथल्या प्रयोगशाळेचे नूतनीकरण झाले, तेव्हा जुन्या बरण्या 'वास येतो' म्हणून टाकून दिल्या गेल्या. मला कळले तेव्हा टेम्पो निघून गेला होता. काही बरण्यांवरची चिठ्ठी माझ्याही जन्माआधीची होती. कधीतरी कोणीतरी हे मासे उघडून कृमी मोजेल, असे तेव्हा माझ्याही मनात आले नव्हते, मग दोष कोणाला द्यायचा?

आपल्या समुद्रात हे सगळे कुठे लागू पडते? अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटरच्या दरम्यान प्राणवायू अत्यंत कमी असलेला जाड थर आहे. लँटर्न फिश दिवसा त्या थरात उतरतात आणि रात्री चरायला वर येतात. हा थर जिथे खंडाच्या उताराला टेकतो, तिथल्या तळावर प्राण्यांची वानवा असते. त्या उतारावरच्या माशांत पर्णकृमी कमी असावेत, असा माझा अंदाज आहे. थर पसरत गेला तर कृमींच्या आकड्यात ते दिसायला हवे, मात्र त्यासाठी आजचा आकडा कोणीतरी लिहून ठेवलेला हवा.

आणखी दक्षिणेला, मध्य हिंदी महासागराच्या तळावर मँगनीजचे गोळे पसरले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी असे गोळे पहिल्यांदा वर आणले. आज भारताकडे तिथल्या ७५,००० चौरस किलोमीटर तळाच्या शोधाचा करार आहे. खोदकामाआधी तळावरचे जीवन मोजावे लागते. गाळातले किडे, कवचधारी, मासे मोजतात. त्या माशांची पोटेही उघडावीत, आतले कृमी मोजावेत आणि काही मासे न फाडता तसेच बरणीत ठेवावेत, असे मी त्या क्षेत्रातल्या एका जुन्या विद्यार्थ्याला लिहिले. जहाजावर बरण्यांना जागा फार थोडी असते, असे त्याचे उत्तर आले. आणि दोन दिवसांनी दुसरे पत्र, बरणी किती मोठी लागेल हे विचारणारे.