मालगाडीचा फोटो कोण काढतं?

चंद्रपूर जिल्ह्यात रेल्वे आली ती माणसांसाठी नाही, कोळशासाठी. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि तिचा माल बाहेर काढायला वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे रूळ टाकले गेले. मार्गाचं नावही कुठलाही आडपडदा न ठेवणारं होतं : 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. १८७७ पर्यंत रूळ वरोऱ्याला पोचले. खाणीतला कोळसा वाघिणींत भरायचा, तो नेऊन जी. आय. पी. रेल्वेच्या इंजिनांत जाळायचा आणि त्या इंजिनांनी पुन्हा माल ओढायचा, असा तो व्यवहार. पुढे १९०६ मध्ये वरोऱ्याची खाण बंद झाली. तोवर बल्लारपूरची खाण पुढे येत होती, म्हणून रूळही तिकडे सरकले. भांदक हे त्या वाटेवरचं एक स्थानक. गाव भद्रावती झालं तरी फलाटावरच्या पाटीवर अजून भांदकच आहे. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेट हा दुवा जोडला गेला आणि दिल्ली-मद्रास सरळ वाट झाली. तेव्हा कुठे लांब पल्ल्याच्या प्रवाशांनी हा जिल्हा खिडकीतून पाहिला.

म्हणजे मालगाडी इथली मूळ मालकीण आणि पॅसेंजर नंतर आलेली भाडेकरू. तरी जुने फोटो शोधायला बसलं की उलटंच चित्र दिसतं. भद्रावतीच्या विजासन लेण्यांचे फोटो आहेत, भद्रनागाच्या देवळाचे आहेत, पार्श्वनाथाच्या जैन मंदिराचे तर ढिगाने आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७३ ते १८७५ च्या दौऱ्यात भांदकचे अवशेष बघून त्यांची नोंद केली. नेमक्या त्याच काळात शेजारी वरोऱ्याच्या रुळांचं काम चालू होतं. मंदिरांचं दप्तर तयार झालं, रुळांचं झालं नाही. लग्नाच्या वऱ्हाडाचा स्टेशनवरचा फोटो घरोघरी सापडेल. त्यात मागे उभी असलेली कोळशाची वाघीण अर्धी कापलेली असते.

हे सगळं तेव्हा कळत होतं असं नाही. १९७८ च्या हिवाळ्यात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही कॉलेजातले मित्र दोन राजदूत मोटरसायकली घेऊन निघालो ते निव्वळ इंजिनांच्या वेडापायी. एकाच्या काकांची यशिका होती, वरून डोकावून बघायची, दोन भिंगांची. माझ्याकडे आगफाचा क्लिक-थ्री. दोन्हींत १२० नंबरचा रोल बसे आणि एका रोलवर बारा फोटो. क्लिक-थ्रीला धावती गाडी झेपायची नाही. शटरचा वेग ठरलेला. गाडीने जोर धरला की चाकं विरघळून जात. म्हणून मालगाडी जिथे सुटते, चढावर दमते किंवा सिग्नलला अडते, तिथेच उभं राहायचं. कॅमेऱ्यातला उणेपणा आम्हाला यार्डात घेऊन गेला असं म्हणायला हरकत नाही.

पहिला मुक्काम माजरी. वरोरा आणि भांदकच्या मधलं हे जंक्शन. इथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणी-राजूरच्या खाणींकडे जातो. जी. टी. एक्सप्रेससारख्या गाड्या तोवर डिझेलवर गेल्या होत्या. निळ्या-करड्या धुराचा लोट सोडत त्या माजरीकडे न बघताच निघून जात. यार्डात मात्र वाफेचं राज्य होतं. डब्ल्यू.जी. जातीचं इंजिन : पुढे एक छोटी जोडी, मग मोठ्या चाकांच्या चार जोड्या, मागे पुन्हा एक छोटी. नावातला जी गुड्सचा, म्हणजे जन्मच मालासाठी. १९५० ते १९७० या वीस वर्षांत ही सुमारे २४५० इंजिनं बनली, काही परदेशी कारखान्यांत, बरीचशी चित्तरंजनला. चित्तरंजनने १९७० मध्ये यातलं शेवटचं बाहेर काढलं आणि त्याचं नाव 'अंतिम सितारा' ठेवलं. आम्ही पाहिलं ते बेनामी होतं. अंगावर चुन्याचे ओघळ, बॉयलरच्या पोटाला तेलकट काजळी, आणि फक्त नंबराची पाटी कुणीतरी घासून लख्ख ठेवलेली.

मालगाडीला वेळापत्रक नसतं. 'नागपूर कंट्रोल सोडेल तेव्हा' हेच उत्तर. मेलगाडीला वाट द्यायला ती बाजूच्या लूप लायनीत तास न् तास पडून राहायची, आणि हे तिच्या माणसांनाही भोगावं लागायचं. इंजिनवाल्यांच्या ड्यूटीला दहा तासांची मर्यादा असावी यासाठी १९७३ मध्ये मोठा संप झाला होता. त्यानंतर मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखालचा देशव्यापी रेल्वे संप झाला. लूपवर थांबलेल्या ड्रायव्हरशी बोलताना हे विषय निघायचेच. फोटोपेक्षा त्या गप्पाच जास्त झाल्या, हेही खरं.

थांबलेल्या गाडीचा एक फायदा : जवळून बघता येतं. चार चाकांची बंद वाघीण, साधारण बावीस टन मालाची. रिव्हेटांच्या रांगा, विटकरी रंग, दाराच्या कडीला शिशाचं सील. बाजूला पांढऱ्या अक्षरांत रेल्वेचं नाव, रिकामं वजन, शेवटच्या दुरुस्तीची तारीख. एका चिमट्यात कार्ड अडकवलेलं, त्यावर कुठून कुठे. आणि कार्डावर भरवसा नसावा म्हणून तेच खडूने पत्र्यावर पुन्हा लिहिलेलं. शेजारच्या लायनीत कोळशाच्या उघड्या बॉक्स वाघिणी, आठ चाकांच्या. जुन्यांना टेकणारे बफर आणि फिरकीचं जोडसाखळं, नव्यांना मधोमध एकच कपलर. जुन्यांची गाडी सुटली की पहिला धक्का इंजिनाजवळ वाजे आणि शेवटचा पार टोकाला, गार्डाच्या ब्रेकव्हॅनजवळ. तो आवाज आमच्यासमोरून चालत गेल्यासारखा जायचा. क्लिक-थ्रीत तो आला नाही.

सिग्नल केबिनमधला माणूस खिडकीतून बराच वेळ बघत होता. शेवटी खाली उतरून त्याने विचारलं, "काहून बे पोट्टेहो, मालगाडीचा फोटो काढून राहिले? हिच्यात बसते कोण?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. त्याने मग लिव्हर ओढून सिग्नलचा हात पाडून दाखवला आणि गाडी दिसायच्या आधी कोणत्या बाजूला उभं राहायचं ते सांगितलं. हात खाली पडला की गाडी येणार. मालगाडीचे फोटो काढणाऱ्याला याहून मोठा पंचांगकर्ता नाही.

ताडाळीहून घुग्घुसचा फाटा फुटतो. तिथे सकाळी भरलेली गाडी काढताना इंजिन घसरलं की चाकं जागच्या जागी भिरभिरायची आणि ड्रायव्हर वाळू सोडायचा. वर्धा खोऱ्यातला कोळसा राखेचा. तो जाळला की क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, फार; फायरमनला आग सतत चाळवावी लागायची, आणि प्रत्येक फावड्यागणिक धूर काळाकुट्ट व्हायचा. फोटोत तो धूर देखणा दिसतो. फायरमनला त्याचं काय वाटत असेल, ते त्याचा चेहरा बघून कळत होतं.

परवानगीचा प्रश्न वाटेत आलाच. रेल्वेच्या हद्दीत आणि पुलांवर फोटो घ्यायला मनाई होती. भद्रावतीला तर आयुध निर्माणी, त्यामुळे कॅमेरा दिसला की चौकशी ठरलेली. एका ठिकाणी आमची नावं, बापाची नावं, कॉलेजचं नाव वहीत उतरवून घेतलं गेलं. रोल मात्र शाबूत राहिला.

आता जरा जिल्ह्याबाहेर जाऊ. १९५५ ते १९६० च्या दरम्यान अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक नावाचा न्यूयॉर्कचा व्यावसायिक फोटोग्राफर व्हर्जिनियाच्या डोंगरांत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या गाड्यांचे फोटो काढत होता, तेही रात्री, डझनावारी फ्लॅशबल्ब तारांनी जोडून एकाच क्षणी पेटवून. ती रेल्वेही कोळशावर जगणारी, म्हणूनच अमेरिकेत इतरत्र डिझेल आल्यावरही तिने वाफ सोडली नव्हती. लिंकच्या १९५६ च्या गाजलेल्या फोटोत मालगाडी धावते आहे आणि पुढे मोटारींत बसून माणसं उघड्यावरचा सिनेमा बघताहेत. गाडीकडे कुणाचंच लक्ष नाही. वरोरा-माजरीचं गणित तेच होतं : खाण दाराशी, इंधन स्वस्त, म्हणून वाफ टिकली. आमच्याकडे लिंक नव्हता, एवढाच फरक. भारतीय वाफेच्या इंजिनांच्या मागे धावणारे पुष्कळसे इंग्रज आणि युरोपीय होते. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये उघडलं, त्याच्या उभारणीतही माइक सॅटो या इंग्रज हौशी माणसाचा मोठा वाटा होता. आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांची संघटित मंडळी १९८९ नंतरची. तोवर इथली वाफ विझत आली होती. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची शेवटची फेरी डिसेंबर १९९५ मध्ये पंजाबात, फिरोजपूर-जालंधर मार्गावर धावली.

त्या सहलीतला सगळ्यात चांगला भाग मात्र चंद्रपूरनंतरचा. चांदा फोर्ट हे वेगळंच स्थानक. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अडीच फुटी रुळांचं जे जाळं इथे विणलं, त्याचं हे टोक. इथून केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, नागभीड. नागभीडला दोन वाटा, एक नागपूरला, दुसरी ब्रह्मपुरी-वडसावरून गोंदियाला. मोटरसायकलचा रस्ता या रुळांची साथ सोडत नाही. केळझरचं जंगल सुरू झालं की सागवान दोन्ही बाजूंनी अंगावर येतं. नोव्हेंबरात धान कापणीला आलेलं, आणि दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्यामुळे गावोगाव दंडार आणि नाटकांचे मंडप. फोटो काढायला निघालेली पोरं रात्री नाटकाला बसली, सकाळी गाडी चुकली. त्याचं दुःख कुणाला झालं नाही.

नॅरोगेजवर ग्लासगोत बांधलेली जुनी सीसी जातीची इंजिनं होती. चिमणी उंच, बॉयलर सडपातळ, गाडी चार डब्यांची आणि त्याला जोडलेल्या दोनचार मालवाघिणी : तांदूळ, बांबू, लाकूड. मुलाच्या उंचीच्या त्या वाघिणी माणसांनी भरायच्या. खरी अडचण पुढे. गोंदियाला किंवा नागपूरला मोठ्या रुळांशी गाठ पडली की सगळा माल हमालांनी पाठीवर घेऊन एका वाघिणीतून दुसरीत टाकायचा. सिंदेवाहीच्या तांदळाचं पोतं मुंबईला पोचेपर्यंत किती पाठींवरून गेलं असेल! ट्रक गिरणीच्या दारात येऊन उभा राहू लागला आणि नॅरोगेजची मालवाहतूक संपली. याला कुणाचा निष्काळजीपणा कारण नव्हता. त्या रुळांची रुंदीच कारण होती. नव्वदच्या दशकात चांदा फोर्ट-गोंदिया मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. नागपूर-नागभीडची छोटी गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. तिच्या शेवटच्या दिवसांत फोटो काढायला गर्दी लोटली, वर्तमानपत्रांनी पानं दिली. 'शकुंतला' या नॅरोगेज पॅसेंजरवर तर विदर्भात किती लिहून आलंय! पॅसेंजरला निरोप देणारे मिळतात. नॅरोगेजची शेवटची मालवाघीण कोणत्या दिवशी कोणत्या स्थानकातून गेली, हे विचारायला कुणी गेलं नाही.

संग्रहालयातही थोडं तसंच आहे. नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय सुरू झालं, फार चांगलं काम. पण लोक फोटो काढतात ते इंजिनासमोर उभं राहून. वाघिणीसमोर उभं राहून फोटो काढून घेणारा मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या रोलांतले मोजके फोटो जमले. यशिकातला घुग्घुसचा एक तर खरोखर उत्तम आहे : इंजिन नाही, फक्त ब्रेकव्हॅन, तिच्या छोट्या व्हरांड्यात कठड्याला रेलून बसलेला गार्ड, मांडीवर वही, बाजूला कडीचा डबा. मित्राला तो वाया गेलेला फोटो वाटला होता, कारण गाडी 'निघून गेली'. आज त्याच फोटोला किंमत आहे. जानेवारी २०२२ पासून गार्डाचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालंय, आणि शेवटच्या वाघिणीला अडकवायची इलेक्ट्रॉनिक पेटी आल्यापासून ब्रेकव्हॅनच काढून टाकायचे प्रयोग चालू आहेत. १९८४ पासून बनू लागलेली वॅग-फाइव्ह जातीची विजेची इंजिनं भंगारात चालली आहेत. ज्यांना वाफ बघायला मिळाली नाही म्हणून हळहळ वाटते, त्या भद्रावतीच्या पोरांना मी हेच सांगतो : तुमची 'जुनी मालगाडी' आत्ता तुमच्या समोरून जाते आहे.

त्यांना आमच्यासारखा रोल मोजावा लागत नाही, शटरची भीती नाही. जागा ताडाळीचीच घ्या. रूळ साधारण उत्तर-दक्षिण आहेत, तेव्हा सकाळी पूर्वेच्या अंगाला, रेल्वेच्या हद्दीबाहेर, शेताच्या धुऱ्यावर उभे राहा. इंजिनाचा फोटो घेऊन मोबाईल खिशात घालू नका. अठ्ठावन्न-एकोणसाठ वाघिणी जाऊ द्या, पत्र्यावरचे आकडे वाचता येतील असे दोनचार घ्या, आणि शेवटी ब्रेकव्हॅन असेल तर ती घ्या. फोटोखाली तारीख, वेळ आणि स्थानक लिहा; आम्ही फक्त 'घुग्घुस, थंडी' असं लिहिलं होतं.