राळेत दडलेले औषध

‘झाडपाल्याचेच तर आहे, अपाय कसला?’ असे म्हणत मुळी उगाळून देणारे कुणी ना कुणी बहुतेक घरांत असतेच. त्या मुळीत नेमके काय आहे आणि त्यातले किती पोटात गेले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. सर्पगंधेच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी ते विचारले. उत्तर मिळायला वीस वर्षे लागली.

निद्रानाश, वेड, सर्पदंश यांवर ही मुळी पूर्वापार दिली जाई. १९३१ साली दिल्लीच्या तिबिया कॉलेजात डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातून शुद्ध स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी केली. एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी मुळीच्या चूर्णाने रक्तदाब उतरतो व रोगी शांत होतो, असे नोंदवले. पण हा शांतपणा या स्फटिकांमुळे येत नव्हता!

अर्कातून औषधापर्यंत

अर्क काढण्याची रीत वरवर सोपी आहे. वाळलेल्या मुळ्या दळायच्या, मद्यार्कात भिजवायच्या, गाळायच्या आणि मद्यार्क उडवून लावायचा. मागे उरतो तो अनेक द्रव्यांचा चिकट गोळा. खरी कसोटी पुढे असते. आम्ल, अल्कली आणि निरनिराळे द्रावक वापरून या गोळ्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग प्राण्यांवर तपासायचा. ज्यात गुण दिसेल, त्याचेच पुन्हा भाग करायचे.

स्फटिक काढून घेतल्यावर उरलेल्या राळेसारख्या भागातच गुंगी आणणारा गुण सापडला. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपले अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्याच राळेतून ‘रेसर्पीन’ वेगळे केले.

मात्रा महत्त्वाची

रेसर्पीनची रोजची मात्रा साधारण पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. मात्रा वाढली की नाक चोंदते, नाडी मंदावते. काही रोग्यांना तीव्र नैराश्यही आले. पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर त्याचा वापर खूपच घटला.

मुळीतले रेसर्पीन जमीन, हवामान आणि झाडाचे वय यांप्रमाणे कमी-जास्त होते. म्हणूनच चिमूटभर चूर्ण आज निरुपयोगी, तर उद्या घातक ठरू शकते. शिवाय मुळीसाठी अख्खे झाड उपटावे लागते. बेसुमार तोडीमुळे १९९० साली सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले.

आजीबाईच्या बटव्याने वाट दाखवली, हे खरेच. पण किती द्यायचे, हे प्रयोगशाळेतल्या तराजूनेच सांगितले. रक्तदाबाची गोळी बंद करून मुळी उगाळायला घेणाऱ्यांनी हे विसरू नये.