तंजावरची भिंत आणि दुकानाचा बॅकअप

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजे दुसरे यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. दरबाराचे मोडी कागद मात्र भिंतीसारखे टिकाऊ नव्हते. त्यांतले पुष्कळसे सरस्वती महाल ग्रंथालयामुळे टिकले.

त्याच शहरात सोन्याच्या वर्खाची चित्रं विकणाऱ्या छोट्या दुकानदाराचं दप्तर आता मोबाइलमध्ये असतं: उधारी, गिऱ्हाइकांचे नंबर, चित्रांचे फोटो. फोन हरवला की सगळंच गेलं. म्हणून प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुकानाबाहेर. हार्ड डिस्क बॅकअप होताच काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फायलीही कुलूपबंद करतं. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून बघावीच. न उघडणारा बॅकअप काय कामाचा?

दप्तरासारखे पैसेही सांभाळायला हवेत. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हणणारा ठगच.

सकाळी शटर उघडल्यावर काउंटरवरच्या क्यूआर कोडच्या कडेवरून नख फिरवावं; वर दुसरा स्टिकर चिकटवलेला असेल तर लगेच कळतं. मग स्कॅन करून नाव आपलंच येतं का, तेही पाहावं.

फसवणूक झालीच, तर तासाभराचीही वाट न पाहता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.